माझा शुक्रवार

बेंगळुरातल्या जयनगरच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात एक जुना नियम होता. शुक्रवारी पहाटे नव्या मुलींनी हंडा तापवायचा आणि जुन्यांच्या डोक्याला शिकेकाई चोळून त्यांना न्हाऊ घालायचं. १९६२ साली मी वर्षभर दुसऱ्यांची डोकी चोळली. माझे केस गुडघ्यापर्यंत, ते मात्र मी एकटीच धूत होते. तेव्हा पुढच्या वर्षी वसतिगृहाची चिटणीस झाल्यावर मी काही कारभाराची स्वप्नं बघत नव्हते. मी माझ्या शुक्रवारची वाट बघत होते.

जुन्यांच्या पाळ्या लागल्या. पहिले दोन शुक्रवार उपाध्यक्ष भाग्यलक्ष्मीचे, तिसरा माझा. पण दुसऱ्या शुक्रवारनंतर नव्यांपैकी होसकोट्याच्या सोयरानं घरी पत्र टाकलं: शनिवारी न्यायला या. तिच्यामागून उरलेल्या दोघी नव्याही जाणार, हे उघड होतं. आदल्या वर्षी माझी खोलीतली मैत्रीण तानू या नियमाला कंटाळून अशीच गेली होती. एवढ्या खाटा रिकाम्या राहिल्या, तर वसतिगृह चालवणारी आमच्या समाजाची मंडळी ते बंदच करणार होती.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघी पदाधिकारी बसलो. आमची अध्यक्ष सकवार बेळगावची, सरळ बोलणारी.

"हा नियम आजपासून बंद करूया," ती म्हणाली. "आणि उद्या आपण तिघींनी नव्यांना न्हाऊ घालायचं. नुसतं बंद म्हटलं तर त्यांचा विश्वास बसायचा नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजच बरं सुचलं हिला!

"सरी बिडू, राहू दे ते!" भाग्यलक्ष्मी म्हणाली. तिचं घराणं कन्नड मुलखात पिढ्यान्‌पिढ्या. "आपण सोसलं की नाही? चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. चंपाक्का, सांग की हिला!"

सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. वय वर्षं एकोणीस, लग्नाचा पत्ता नाही, आणि मी सासू? मला भाग्यलक्ष्मीचा राग आला, आणि तिच्यापेक्षा जास्त माझा.

"बंद," मी म्हणाले. एकाविरुद्ध दोन मतांनी ठराव झाला.

शुक्रवारी पहाटे सोयरा माझ्यासमोर पाटावर बसली. ओल्या लाकडांच्या धुरानं माझे डोळे चुरचुरत होते आणि मी अजून धुसफुसतच होते. पहिला तांब्या ओतला तशी तिनं मान आखडून घेतली. मीही गेल्या वर्षी हंड्यापाशी अशीच आखडून उभी राहायचे. मग मी हात जरा हलका केला.

"अक्का, स्वल्प थंड घाला," ती हळूच म्हणाली. मी विसण घातलं. थोड्या वेळानं तिची मान सैल झाली आणि ती होसकोट्याच्या घराबद्दल बोलायला लागली. थांबेचना.

शनिवारी तिचे आप्पा आले. तिनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मला म्हणाली, "पुढच्या वर्षी नव्या आल्या की मी न्हाऊ घालणार त्यांना."

म्हणजे माझा शुक्रवार कायमचा गेला. जुन्यांनाही आम्हीच न्हाऊ घातलं आणि नव्यांनाही. अशी आमची एकच तुकडी. मला राग यायला हवा होता, पण अभिमान वाटला. त्या दुपारी मी माझे केस एकटीनं धुतले, आणि पहिल्यांदाच कुरकुर केली नाही.