खांद्यावर पास

"प्रत्येकाने पिवळी चिठ्ठी घ्या आणि लिहा, दहा वर्षांनी आपली कंपनी कुठे असेल?" पुण्याहून आलेल्या सल्लागार स्नेहल मॅडम म्हणाल्या.

कुठे असणार? सावित्री नदीच्या पुराने नेली नाही तर इथेच, महाडात. सव्वीस वर्षं मी इथे भात झोडायची, पायाने चालवायची यंत्रं जोडतो. हॉटेलच्या गार हॉलमध्ये बसून असा विचार कधी केला नव्हता. मी लिहिलं, 'वाडीवर चढेल असंच यंत्र करा.' मॅडमनी ती चिठ्ठी 'नंतर पाहू'च्या रकान्यात डकवली.

संध्याकाळपर्यंत ठरलंही. जुनं यंत्र बंद, त्याचे सुटे भागही बंद. आता मोटरवालं, चाकांचं यंत्र, वजन एकशे दहा किलो. नाकापेक्षा मोती जड. वर टाळ्या. दिवसभर एवढं गोड बोलणं झालं आणि त्यात भात पिकवणारं एक माणूस नव्हतं. मला शिसारी आली.

"शेठ," मी प्रवीणशेठना म्हणालो, "थोरले मालक नवं यंत्र आधी स्वतः खांद्यावरून पोलादपूरच्या वरच्या वाडीवर न्यायचे. चढावरच्या तिसऱ्या विसाव्याच्या आत खाली ठेवावं लागलं, तर विकायचं नाही. खांद्यावर पास झालं तरच पास."

"बाबांचा काळ वेगळा होता, महिपती." पण मॅडम ऐकत होत्या, म्हणून म्हणाले, "बरं, नेऊ. व्हिडिओही होईल."

रविवारी निघालो. रस्ता संपला तिथेच चाकं थांबली. बांबू घालून कारखान्यातल्या चौघांनी यंत्र उचललं आणि पहिल्या चढावरच खाली ठेवलं. मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. मॅडमनी फोटो काढला, वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं, "ग्राहकाने भात रस्त्यापर्यंत आणावं." शेठनी मान डोलावली. उंटावरून शेळ्या हाकायच्या, त्या अशा.

यंत्र तिथेच ठेवून रिकाम्या हातांनी वर गेलो. ठमाकाकी खळ्यावर होती. आमचं जुनं यंत्र तिने पंधरा वर्षं वापरलेलं.

"महिपती, कड्या आणल्यास काय रे? ढोल फिरतो, पण भात झडत नाय."

ढोलावरच्या त्या तारेच्या कड्या मीच वाकवतो. मी शेठकडे बघितलं.

"आजी, ते मॉडेल बंद केलंय," शेठ म्हणाले. "मोठं यंत्र खाली रस्त्यावर येईल. तुम्ही भात तिकडे आणा."

"भारे डोक्यावर घेऊन उतरायचं, नि झोडून परत चढायचं?" काकी शांतपणे म्हणाली. "त्यापरीस दगड बरा हाय."

तिने सगळ्यांना पाणी दिलं आणि एक पेंढी उचलून दगडावर आपटायला लागली. "किती ऑथेंटिक," मॅडम म्हणाल्या. शेठ व्हिडिओ काढू लागले. मला किळस आली. त्यांची आली, आणि कंपनीचा शर्ट घालून मान खाली घातलेल्या स्वतःची त्याहून जास्त आली. त्या बाईवर ही पाळी येऊ नये म्हणूनच तर आम्ही यंत्र करत होतो.

"महिपती, चला," शेठ उतरता उतरता म्हणाले.

मी पेंढी उचलली.

"जा रे तू, तुझी माणसं थांबलीत," काकी म्हणाली.

"थांबू देत."

पेंढी झोडायची मला सवय नव्हती. दहा-बारा वेळा आपटली, तरी निम्मे दाणे काडीलाच राहिले. काकीने माझ्या हातातली पेंढी घेतली आणि पुन्हा झोडली.