गाण्यातलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी ढोलकी आहे आणि तुमच्या टाळ्यांचा मला वीट आला आहे.

शाळेच्या निबंधात ढोलकी असे बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे ती म्हणते की माझा आवाज ऐकून सारे डोलू लागायचे, आता मला कोणी विचारत नाही. माझे दुःख वेगळे आहे. मला फार विचारले गेले. शाली मिळाल्या, फोटो निघाले, आणि त्यातच आमच्या गाण्याचे वाटोळे झाले.

माझे खोड आंब्याचे. अमळनेरच्या यात्रेत एका कारागिराने मला दुकानाबाहेर टांगले होते. तिथून यशोदाबाईंनी मला उचलले. शिंदखेडा तालुक्यातल्या त्यांच्या गावात सगळे त्यांना आक्का म्हणत. लग्नाची हळद असली की आक्का मला मांडीवर घेत, शेजारची कोकिळा सूर धरी आणि गल्लीतल्या बायका मागून गात. त्या गाण्यांत देवाचे नाव थोडे आणि माणसांची नावे जास्त असत. कोणाची विहीण खादाड, कोणाचा दीर आळशी, ते नाव घेऊन गायचे. ज्याचे नाव येई त्याने हसायचे आणि खाली मान घालायची. हळदीत रागवायचे नाही, हा रिवाज होता.

गावात ईश्वर नावाचा एक माणूस होता, दूध सोसायटीचा चेअरमन. पांढरे कपडे, गोड बोलणे. त्याची बायको मंजुळाबाई नळावर पाणी भरायला वाकली की पोलक्याखालून काळेनिळे वळ दिसत. सगळ्या बायका ते बघत आणि आपापली घागर उचलून घरी जात. मंजुळाबाई स्वतःही काही बोलत नसे. पाऊस पडतो, ऊन पडते, तसा नवरा मारतो, असेच तिला वाटत असावे.

मग ईश्वरच्या पुतणीची हळद लागली. आक्कांनी मला मांडीवर घेतले आणि भरल्या मांडवात नवी ओळ गायली:

“चौकमा ईश्वरभाऊ, घरमा वाघ,
बायकोनी पाठवर काढस राग!”

आधी कोकिळाने ओळ उचलली आणि मागोमाग सगळ्यांनी. ईश्वर हसायचा प्रयत्न करत होता, ते त्याला जमेना. तो उठून मांडवाबाहेर गेला.

त्या दिवसापासून तो देवमाणूस झाला, असे मी सांगणार नाही. मी ढोलकी आहे, भाषण करणारा पाहुणा नव्हे. पण पुढच्या वेळी त्याने हात उचलला तेव्हा त्याची म्हातारी आई मध्ये उभी राहिली. आणि मंजुळाबाई नळावर ताठ उभी राहून म्हणाली, “लाज त्याले वाटाले पाहिजे. माले काब्रं?” लाज मला का वाटावी, हे वाक्य तिच्या मनात आधी नव्हते. इतरांच्या तोंडून आपले दुःख ऐकले, तेव्हा ते तिथे उगवले. बायकांच्या मनातून गाणे निघाले होते, आणि गाण्यानेच मग त्यांची मने बदलली. आमचे काम हे असे असते. मनोरंजन म्हणणाऱ्याने आपल्या घरी जाऊन टीव्ही बघावा.

पुढे नवीन नावाचे एक सर आले. ते धुळ्यात एक लोककला मंडळ चालवतात. सरांचा झब्बा खादीचा, झोळी खादीची, आणि तोंडात सतत एकच शब्द, अस्सल. आक्कांच्या ओट्यावर बसून त्यांनी मोबाइलवर सगळी गाणी टिपून घेतली आणि डोळे मिटून मान डोलावली. मग म्हणाले, “आक्का, हे फार अस्सल आहे. महोत्सवात घेऊ या. फक्त ही शिवीगाळ तेवढी काढा. स्टेजवर मोठे पाहुणे असतात.”

“शिवी कोठे शे?” आक्कांनी विचारले.

“हेच, बायकोला मारतो वगैरे. आपल्या संस्कृतीचं चांगलं रूप दिसलं पाहिजे.”

ज्याला अस्सल हवे आहे आणि खरे नको आहे, अशा माणसाला काय म्हणावे? मला शब्द सापडत नाही, आणि शोधायची इच्छाही नाही. सरांनी स्वतःच नवी ओळ बसवून दिली:

“चौकमा दाजीभाऊ, घरमा बाग,
नवरीले देखीसन पळस राग!”

बायकांनी ती पाठ केली. सगळ्यांना एकसारखी पिवळी लुगडी आली. आक्कांच्या गळ्यात हार पडला. त्यांचा पुतण्या भिकन आमच्या मंडळाचा व्यवस्थापक झाला. मला गाडीत ठेवणे, माईकवर आमची ओळख करून देणे आणि फ्लेक्सवर सर्वांत मोठा स्वतःचा फोटो छापणे, ही त्याची कामे. आक्कांची बोटे म्हातारपणाने आखडली होती, म्हणून मला वाजवायला भिकनची बायको दिपमाला बसू लागली. ती चोपड्याकडची. माहेरी वडिलांच्या भजनी मंडळात ती ढोलकी शिकली होती. इतका स्वच्छ हात मला त्याआधी कोणाचा लागला नव्हता.

एकदा सरावाला ती आली तेव्हा तिचे डावे मनगट पट्टीने बांधलेले होते. तिची डावी थाप माझ्यावर पडतच नव्हती, नुसती टेकत होती.

“हाई काय व्हयनं तुन्हा हातले?” कोकिळाने विचारले.

“मोरीमा पाय सरकना,” दिपमाला म्हणाली. पाय घसरला म्हणे; सांगताना तिने वर पाहिले नाही.

बायकांनी एकमेकींकडे बघितले. भिकनचा हात चालतो, हे त्यांना माहीत होते. त्याच्या घराची भिंत पातळ आणि गल्ली अरुंद. तरी सराव पुढे चालू झाला. दाजीभाऊंचा राग पळाला आणि दिपमालाने दुखऱ्या हाताने त्याला ठेका धरला.

त्याच महिन्यात गल्लीत लग्न निघाले. हे आपल्या गावचे, इथे ना स्टेज ना पाहुणे. भिकन समोर खुर्चीवर बसला होता. आक्कांनी गाणे सुरू केले. त्यांच्या डोळ्यांत मला काहीतरी दिसले आणि मी मनाची तयारी केली. त्या ओळीपाशी आल्या, भिकनकडे रोखून पाहिले, तोंड उघडले, आणि बाहेर आले, “घरमा बाग.” बाकीच्यांनी सवयीने पुढचे म्हणून टाकले. भिकनने टाळी वाजवली.

आक्का तिथेच थांबल्या. घरी येताना कोकिळा हळूच म्हणाली, “आक्का, गानामातून काढी टाकं, आते तोंडमाबी येत नही.”

माझी खात्री पटली. जे गाण्यातून गेले ते या बायकांच्या मनातूनही निघून चालले होते. गोड गाऊन गाऊन त्या गोड झाल्या होत्या, आणि मारणाऱ्याला याहून सोयीचे काय असते? त्या काळात मला त्यांचीही किळस आली. माझी स्वतःचीही येत होती. पण मला कोणी वाजवले की मी वाजते, माझ्या हाती दुसरे काही नाही.

कोकिळाला मात्र राहवले नाही. दुसऱ्या दिवशी दिपमालाच्या शेजारी धुणे धूत असताना तिने जुनी ओळ तिला ऐकवली. मंजुळाबाईची गोष्टही सांगितली. दिपमाला एवढेच म्हणाली, “आसं गाता येस?”

धुळ्याच्या महोत्सवात आमचा कार्यक्रम शेवटी होता. सभागृह भरलेले, पुढे सोफ्यांवर पाहुणे. नवीन सर बाजूला उभे, भिकन त्यांच्याजवळ. बायका गाऊ लागल्या. ती ओळ आली आणि दिपमालाचे दोन्ही हात थांबले. ठेका तुटला. आक्का गोंधळून मागे वळल्या. दिपमालाने समोरचा माईक आपल्याकडे ओढला आणि एकटीने गायले:

“चौकमा भिकनभाऊ, घरमा वाघ,
बायकोनी पाठवर काढस राग!”

ओळ संपली, आणि मित्रांनो, सभागृह हसले! शिट्ट्या वाजल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतली एक बाई डोळ्यांतले हसण्याचे पाणी रुमालाने टिपत होती. नवीन सर ओरडले, “वा! अस्सल!”

शेकडो शिकलेली माणसे, आणि एकाच्याही डोक्यात आले नाही की समोर बसलेली बाई काही सांगते आहे. तिच्या मनगटावर अजून पट्टी होती. लोककला म्हणजे गंमत, हे त्यांच्या मनात इतके घट्ट बसवलेले आहे की किंकाळीलाही ते ठेका धरतात. त्या टाळ्यांइतका घाणेरडा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

पण आक्का हसल्या नाहीत. त्या पाहुण्यांकडे पाठ करून उभ्या राहिल्या, बाजूला उभ्या भिकनकडे तोंड केले आणि तीच ओळ त्याच्या नावासकट पुन्हा गायली. कोकिळाने सूर दिला. मग सगळ्यांनी. भिकनचा चेहरा पांढरा पडला.

गावी परतल्यावर दिपमाला आक्कांच्या घरात उतरली. दुसऱ्या सकाळी भिकन दारात आला. बायको बाहेर येईना म्हणून त्याने ओट्यावर ठेवलेल्या मला लाथ घातली. माझे एका बाजूचे कातडे उभे फाटले.

आक्का दारात आल्या. “गानं ऐकं ना तू? मंग जाय.”

गल्लीतल्या बायका आपापल्या ओट्यांवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. मंजुळाबाईसुद्धा होती. तो गेला. दुपारी त्या सगळ्या दिपमालाबरोबर शिंदखेड्याला जाऊन तक्रार देऊन आल्या. ती आता आक्कांकडेच राहते, गावातल्या भजनी मंडळात ढोलकी शिकवते. भिकन तिच्या वाटेला जात नाही. पुढचे मला माहीत नाही.

नवीन सरांचा फोन मात्र आला होता. दिपमालाने तो माझ्याजवळ बसूनच घेतला.

“दिपमालाताई, नाशिकला बोलावलंय आपल्याला! तो वाघाचा भाग तसाच ठेवा हं. लोकांना फार आवडला.”

“सर, तो भाग नव्हता,” ती म्हणाली. “ते माझ्या नवऱ्याचं नाव होतं.”

सर म्हणाले, “हो का? बरं, पण ठेवा ना.”

तिने फोन बंद केला.

मित्रांनो, या जागी मी तुम्हाला विनवावे अशी रीत आहे. मला तेल लावा, कापडात गुंडाळा, जुन्या वस्तू जपा. मला काही नको. फाटलेले कातडे बदलता येते. विनंती करायचीच तर वेगळी करते. पुढे कधी गाणे ऐकायला बसलात, तर हात मांडीवर ठेवा. गाणारीचा चेहरा बघा, तिचे मनगट बघा, आणि हे कोणाबद्दल आहे ते विचारा. उत्तरात तुमच्या घरातल्या कोणाचे नाव निघाले, तर हसू नका.