खुर्चीला घातलेला शर्ट

मी एक शर्ट बोलतोय. फिकट निळा, पूर्ण बाह्यांचा, कडक कॉलरचा. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण मी जे सांगणार आहे ते फारसं सुवासिक नाही. मी मूळचा टापटिपीचा. घाणीची मला पहिल्यापासून शिसारी. आणि नेमकं माझ्याच वाट्याला हे सगळं यावं!

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे एक बाई दिवसभर नुसत्या कॉलरी शिवायची, दुसरी नुसती काजं करायची, तिसरी बाह्या जोडायची. कॉलरवालीने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा बघ, हा कुणाच्या तरी इंटरव्ह्यूला जाणार." झालं, ते ऐकून मी जो ताठलो तो ताठलोच. मग पोटात पुठ्ठा, गळ्यात टाचण्या आणि वर प्लास्टिकची पिशवी अशा थाटात मी दुकानाच्या कपाटात जाऊन बसलो.

तिथून मला आत्याने उचललं. आत्या म्हणजे ज्याच्या अंगावर मी पुढे राहिलो त्या मुलाची. त्याला कॉलेजात प्रवेश मिळाला होता. मित्र त्याला रेडिओ म्हणायचे, कारण तो सकाळी जो सुरू व्हायचा तो बंद होण्याचं नावच घ्यायचा नाही. बोलताना हातवारे इतके, की पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्या बाहीवर कॅन्टीनचा चहा सांडला. मला राग आला, पण खोटं कशाला बोलू, मजाही वाटली. त्याच्या घामालासुद्धा धावपळीचा वास होता.

मग तो आजार आला आणि कॉलेजला कुलूप लागलं. दोन आठवड्यांत उघडेल म्हणाले. त्या दोन आठवड्यांचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

वर्ग कॉम्प्युटरवर भरायला लागले. मॅडमनी नियम काढला, कॅमेरा चालू हवा आणि अंगात कॉलरचा शर्ट हवा, नाहीतर गैरहजेरी. झालं, माझी रोजची नेमणूक! रेडिओ अंथरुणातून उठायचा, मला अंगात अडकवायचा, पुढचे केस ओले करून बसवायचा आणि खुर्चीत टेकायचा. खाली तीच ती चुरगळलेली हाफ पँट. कमरेच्या वर कॉलेज आणि कमरेच्या खाली अंथरूण!

सुरुवातीला तो आंघोळ करायचा. नंतर नुसतं तोंड धुवायचा. पुढे पुढे तेही गेलं. मला कोण धुणार? कॅमेऱ्यात मी स्वच्छच दिसत होतो. कॉलरच्या आतून काळा पट्टा चढला, काखा कडक झाल्या. मला माझीच किळस यायला लागली. त्याचीही यायची. मनात म्हणायचो, अरे, आळशीपणालाही काही मर्यादा असते. पण तो आळशी नव्हता. मी त्याच्या छातीवरच असायचो ना. आळशी माणसाची छाती खुर्चीत बसल्या बसल्या अशी धडधडत नाही.

एकदा कॉलेजने 'मन प्रसन्न ठेवा' नावाचं व्याख्यान ठेवलं. हजेरी सक्तीची. मन प्रसन्न ठेवायलासुद्धा सक्ती! एक गुळगुळीत चेहऱ्याचे गृहस्थ आले. पहाटे उठा, कोमट पाणी प्या, वाईट विचार आला की त्याला दार दाखवा, असं बरंच काही सांगून झाल्यावर म्हणाले, "चला, आता सगळे छान हसा बघू. फोटो घ्यायचाय. अरे, तो निळा शर्ट, तू पण हास की!"

रेडिओ हसला. सगळे दात दाखवून, फोटो निघेपर्यंत हसत राहिला. "झालं," असं म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा असा खाली आला की हनुवटी माझ्या वरच्या बटणाला लागली. तो फोटो कॉलेजने मिरवला. आईने पाहिला आणि नातेवाइकांना पाठवला. आत्याचा लगेच फोन. "अगं वहिनी, काय तेज आलंय गं पोराच्या तोंडावर! घरचं खाणं मानवलेलं दिसतंय." ज्याला तेज म्हणत होते तो समोरच्या पडद्याचा उजेड होता.

हळूहळू मॅडमही थकल्या. कॅमेऱ्याचा आग्रह सुटला. मुलांच्या जागी काळे चौकोन आणि त्यात नावं, एवढाच वर्ग उरला. मग रेडिओने एक दिवस मला काढलं आणि उंच पाठीच्या खुर्चीला घातलं, अगदी बटणं लावून. वर हेडफोन अडकवला. मनात काही डाव नव्हता, हाताला आलं तसं ठेवलं. आणि तो पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, जमिनीवर जाऊन आडवा झाला.

तेवढ्यात बाबांनी दार किलकिलं केलं. खुर्चीची पाठ दाराकडे. अंधाऱ्या खोलीत त्यांना दिसला निळा शर्ट आणि वर हेडफोन. "चालू दे, चालू दे," असं पुटपुटत ते पावलं न वाजवता निघून गेले. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना समोर बसवून "आता खालची ओळ वाचा" म्हणणारा हा माणूस! फटीत पडलेला रेडिओ फिसकन हसला. बऱ्याच दिवसांनी आलेलं ते एकच खरं हसू. आणि त्या दिवसापासून मी रोज खुर्चीला चढलो.

घरात शिस्तच होती, लेक्चर चालू असताना आत जायचं नाही. आई जेवणाचं ताट दाराशी स्टुलावर ठेवायची. "बाळा, गरम आहे तोवर खा हं," असं मला म्हणायची. रेडिओ उठून ताट आत घ्यायचा, दोन घास चिवडायचा आणि उरलेलं एका पिशवीत ओतून पिशवी कपाटात कोंबायचा. रिकामं ताट बाहेर. आई खूश. आणि ते कपाट माझ्या शेजारीच! आत पांढरी लव आली, मग हिरवी आली, मुंग्या आल्या, पिशवीच्या तळातून काहीतरी पाझरायला लागलं. असली घाण मी जन्मात पाहिली नव्हती. पण त्या पिशवीपेक्षा मला दाराबाहेरच्या समाधानाची जास्त घाण वाटायची.

त्याच सुमारास बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे रेडिओचे काका, त्या आजारात गेले. कुणालाही जवळ जाऊ दिलं नाही. बाबा घरात रडले नाहीत, दुकानाच्या किल्ल्या पुसत बसले. नंतर एका दुपारी ते दारात आले आणि पहिल्यांदाच निघून गेले नाहीत. चौकटीला टेकून माझ्या पाठीशी बोलायला लागले.

"तुला ऐकू येत नसणार, कानात ते आहे. बरंच आहे. मला ना, झोपच लागत नाही रे. दादा सारखा डोळ्यासमोर येतो. आईला सांगितलं तर ती खचेल. तू असा रोज बसतोस, अभ्यास करतोस... तेवढ्या आधारावर चाललंय माझं. तू नीट आहेस ना, मग मी ढकलतो पुढे."

ते गेले. खाली फटीत रेडिओने स्वतःचं मनगट दातांत धरलं होतं, आवाज फुटू नये म्हणून. आता तो उठणार तरी कसा? ज्याच्या आधारावर घर उभं होतं तो एक मळका शर्ट होता, आणि ते एकट्या रेडिओला माहीत होतं. त्या दिवसानंतर तो ताट आत घ्यायलाही ढोपरांवर रांगत यायचा. फोन वाजला तर उशीखाली सारायचा. एकदा तो माझ्याकडे टक लावून बघत म्हणाला, "तू आहेस ना, मग मी नसलो तरी चालेल." मी आतून गारठलो. ओरडावंसं वाटलं, पण कॉलर कितीही कडक असली तरी तिला गळा नसतो.

वाचवलं कुणी? कॉलेजने नाही, व्याख्यात्याने नाही, आत्याच्या फोनने तर नाहीच. एका दुपारी सगळ्या इमारतीचं इंटरनेट गेलं, एवढंच. बाबा सांगायला आले, "अरे, नेट गेलंय, आता कसलं लेक्चर? ये, चहा घेऊ." मग ते आत आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात थेट आत गेला आणि खुर्चीच्या लाकडावर आपटला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पलंगाकडे, मग पलंगामागे.

"अरे! इथे काय करतोयस? पडलास का?"

"नाही."

"मग ऊठ की."

"उठता येत नाही, बाबा."

"पाय मुरगळला का? दाखव बघू."

"पाय ठीक आहेत." मग तो म्हणाला, "तुम्ही बोललात ते सगळं ऐकलंय मी. मी नीट नाहीये."

बाबा त्या फटीत मावत नव्हते. तरी ते शिरले. पलंग करकरत सरकला आणि बापलेक तिथे खाली धुळीत बसले. आधी बाबा रडले, भावासाठी की मुलासाठी कोण जाणे. आई धावत आली, वासाने कपाटापाशी गेली, पिशवी उघडून पाहिली. "अगं बाई! मी रोज विचारत होते रे, जेवलास का म्हणून." विचारत होती, अगदी रोज. पण विचारत होती मला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ ठरली, मनाच्या डॉक्टरांची. आईला कुठेतरी हात चालवायचे होते, म्हणून तिने मला भिजवलं, घासलं, कॉलरचा पट्टा ब्रशने खरवडून काढला. पाणी इतकं काळं निघालं की तिने तोंड फिरवलं. सकाळी मी इस्त्री होऊन कडक, निळा, नवरीसारखा तयार. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. आता मी डॉक्टरांनाही फसवणार!

"हा घाल," आई म्हणाली. "आणि दाढी कर जरा. डॉक्टरांसमोर असं गबाळं जायचं का? काय म्हणतील ते?"

रेडिओने निमूट हात पुढे केला. एक बाही चढलीसुद्धा. त्याचं मनगट माझ्यातून बाहेर आलं, त्यावर दातांचे व्रण होते. बाबांनी ते पाहिलं. ते पुढे झाले, माझी बाही हळूच उतरवली आणि म्हणाले, "नको. तो टी-शर्टच राहू दे. आहे तसाच चल. त्यांना दिसलं पाहिजे."

"पण लोक..." आई म्हणाली.

"लोकांना आपण बरंच दाखवलं."

ते दोघं गेले. रेडिओच्या अंगात डागाळलेला टी-शर्ट, दाढीचे खुंट, पायांत दोन वेगळ्या जोड्यांच्या चपला. मी बाहेर हँगरला लटकून पाहत होतो. इतका गबाळा माणूस इतका चांगला दिसलेला मी कधी पाहिला नव्हता.

त्याला औषधं चालू आहेत. काही दिवस उठतो, काही दिवस नाही. जेवायला मात्र आता बाहेर सगळ्यांबरोबर बसतो, आणि जात नसेल तर "जात नाही" म्हणतो. आई ते ऐकून घ्यायला शिकतेय. तिला ते फार जड जातं.

आता कॉलेज उघडतंय. पहिल्या दिवशी म्हणे समारंभ आहे. सगळ्यांनी फॉर्मल कपड्यांत यायचं, पायऱ्यांवर उभं राहून हसरा फोटो काढायचा. निरोप आला तशी आईची नजर माझ्याकडे गेली. रेडिओ म्हणाला, "मी त्या दिवशी नाही जाणार. दुसऱ्या दिवशी बघतो, जमलं तर." आईने कपाट लावून घेतलं.

आतल्या अंधारात मी कडक इस्त्रीत उभा आहे. टापटिपीचा एवढा मोठा भोक्ता मी, आणि आज हात जोडून एकच मागतो. आई, मला त्या फोटोसाठी बाहेर काढू नकोस. दुसऱ्या कुणाच्या पोराला देऊही नकोस. बटणं काढून घे, कात्री घे आणि माझं फरशी पुसायचं फडकं कर. त्या पलंगामागच्या फटीत अजून धूळ आहे. आजवर घाण झाकत आलो, आता मला ती पुसू दे.