मुकी दारं

आमच्या क्लीव्हलँडमध्ये लॅथ्रॉप बिल्डिंग कुठली, हे कुणाला सांगावं लागत नाही. अर्ध्या गावाने तिथे दात काढून घेतले आणि उरलेल्या अर्ध्याने विमा उतरवला. बारा मजले, त्यांतले वरचे दहा नुसत्या कचेऱ्यांचे. कचेऱ्या रिकाम्या पडल्यावर तिचं हॉटेल करायचं ठरलं आणि दारांचं काम माझ्याकडे आलं. मी स्टॅन हॉचेवार, सुतार.

एक मजला कळला की सगळे कळले, म्हणून नववा घ्या. मधोमध लांब कॉरिडॉर. दोन्ही भिंतींना कमरेपर्यंत संगमरवर आणि सव्वीस दारं, ओकची, वरच्या अर्ध्यात दुधी काच. पूर्वी प्रत्येक दारामागे एक कचेरी होती. पण कचेरी एवढीशी, की एक पलंग टाकला तर पाय ठेवायला जागा नाही. म्हणून दोन-दोन, तीन-तीन कचेऱ्यांमधल्या भिंती पाडून एकेक खोली केली, न्हाणीघरासकट. सव्वीस दारं, खोल्या अकरा. उरलेली पंधरा दारं कुठेच जात नाहीत; त्यांच्या पाठीशी कुणाचा तरी पलंग, नाहीतर आंघोळीची जागा. ती काढून भिंत घातली असती तर काम सोपं होतं. पण जुन्या इमारतीला करात सूट हवी असेल तर कॉरिडॉर होता तसाच दिसला पाहिजे, असा वारसा कार्यालयाचा नियम. म्हणून ती दारं जागच्या जागी ठेवून आम्ही मागून पक्की बंद केली. त्यांना आम्ही मुकी दारं म्हणायचो. दहा मजल्यांवर मिळून दीडशे. प्रत्येकाचा जुना रंग खरवडून, तडे भरून, मी त्यांच्यामागे अकरा महिने घालवले होते.

उद्घाटनाला तीन आठवडे उरले असताना अग्निशमन दलाच्या कॅप्टन पगान तपासणीला आल्या. त्यांच्या सहीशिवाय हॉटेल उघडणार नव्हतं. सोबत मरिएटा ओडम होती, आमची आर्किटेक्ट. वय एकतीस आणि ही तिची स्वतःची पहिली इमारत.

"यातली खरी दारं कुठली?" कॅप्टननी विचारलं.

"ज्यांच्यावर नंबर आहे ती," मरिएटा म्हणाली.

"धुरात नंबर वाचून दाखवशील मला?"

कॅप्टननी आपल्या चार जवानांच्या मुखवट्यांच्या काचेवर मेणकागद चिकटवला. आता त्यांना काही दिसणार नव्हतं. ९०७मध्ये वाळू भरलेला माणसाएवढा बाहुला ठेवला आणि चार मिनिटांत तो बाहेर आणायला सांगितला. जवान एक हात भिंतीला लावून रांगत निघाले. पुढे टायरेल नावाचा धिप्पाड गडी होता. तिसऱ्याच दाराशी तो थांबला.

"मूठ फिरतेय! आतून काहीतरी आडवं आलंय. पहार द्या!"

"अरे थांब," मी ओरडलो, "मागे न्हाणीघर आहे!"

तसंच आणखी दोन मुक्या दारांशी झालं. बाहुला बाहेर यायला साडेनऊ मिनिटं लागली.

"हा मेला," कॅप्टन बाहुल्याकडे बघत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बंद दाराची मूठ फिरते कशी?"

ती माझी करणी. मुक्या दारांच्या मुठी पक्क्या कराव्यात, असं मरिएटाच्या नकाशात लिहिलेलं होतं. मी मात्र एकेक कुलूप उघडून साफ केलं, तेल घातलं, नवी स्प्रिंग बसवली. कुणी सहज हात लावला तर दार मेलेलं वाटू नये, एवढीच हौस.

"गुरुवारी पुन्हा येते," कॅप्टन म्हणाल्या. "तेव्हा जमलं नाही तर या दारांच्या जागी भिंत हवी."

"भिंत घातली तर वारसावाले सही देणार नाहीत," मरिएटा म्हणाली.

"ते तू त्यांच्याशी बघ. माझी माणसं आत रांगत जातात, बाई. फेरफटका मारत नाहीत."

मालकाने ऐकलं आणि शुक्रवारचे गवंडी सांगून टाकले. करसवलत गेली तर गेली, म्हणाला, हॉटेल तारखेला उघडलं पाहिजे. म्हणजे शुक्रवारी माझी दीडशे दारं कचऱ्याच्या ट्रकमध्ये.

"ओरड माझ्यावर एकदाची," मी मरिएटाला म्हटलं.

"ओरडून काय होणार? नकाशात लिहिलं होतं, स्टॅन."

"वाचलं होतं मी. हाताने ऐकलं नाही."

"मग तुझ्या हाताला सांग, सोमवारपासून माझ्यासाठी नोकरी शोध म्हणावं."

टायरेलकडून एक मुखवटा मागून घेतला होता. तो चढवला आणि मी जमिनीवर बसलो. अडुसष्टाव्या वर्षी रांगणं म्हणजे गुडघ्यांची परीक्षा.

"आजोबा, अँब्युलन्स बोलवू का?" मरिएटाने विचारलं.

"तू घड्याळ बघ."

गार संगमरवर, मग लाकूड, मग पुन्हा संगमरवर. रांगताना हात जमिनीपासून वीतभरच वर असतो. नंबर तिथून फार लांब. म्हणजे दाराला जे काही सांगायचं असेल ते खालच्या फळीवरच सांगायला हवं होतं. पण या दारांना नवं काही ठोकायची परवानगी नव्हती. मी तसाच पुढे सरकत होतो. सहाव्या दाराच्या खालच्या फळीवर बोटाला काही बारीक टिपके लागले, एका ओळीत. पुढच्या दाराला तेच. स्क्रूची भोकं! गेल्या हिवाळ्यात मीच ती बुजवली होती, ती कशाची हे न विचारता. डोळे उघडे असते तर आताही कळलं नसतं.

"मरिएटा, इथे कधीतरी पत्रा होता."

ती धावत जाऊन जुने फोटो घेऊन आली. प्रत्येक दाराच्या तळाशी पितळी पत्रा होता, बुटांच्या ठोकरांनी लाकूड खराब होऊ नये म्हणून लावलेला. तिने लगेच वारसा कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला.

"फोटोत आहे, तर लावा की," ते म्हणाले. "पण फोटोत सगळ्या दारांना दिसतोय."

"आम्हाला फक्त खऱ्या दारांना लावायचाय. हरवलेलं सगळं परत आणायची सक्ती आहे का?"

त्यांनी नियमांचे कागद चाळल्याचा आवाज आला. "सक्ती नाही. आहे ते काढायला बंदी आहे."

बुधवारपर्यंत नवव्या मजल्याचे अकरा पत्रे आले, प्रत्येकावर खोलीचा आकडा बोटाला लागेल असा उठावाचा. ते जुन्याच भोकांत बसवले. मग पंधरा मुठी खोलल्या, स्प्रिंगा काढल्या आणि आडव्या खिळीने त्या अडकवून टाकल्या. खरं तर दहा मिनिटांचं काम. मला प्रत्येकीला अर्धा तास लागला.

गुरुवारी जवान पुन्हा रांगत निघाले. टायरेलचा हात लाकडावरून नुसता सरकत गेला. पत्रा नाही, पुढे चल. ९०७च्या पत्र्यावर बोटं फिरवून तो ओरडला, "नऊ, शून्य, सात! किल्ली!"

तीन मिनिटं दहा सेकंद.

कॅप्टननी सही केली, पण फक्त नवव्या मजल्यापुरती. "बाकीचे नऊ मजले असेच करा. प्रत्येक मूठ मी स्वतः फिरवून बघणार आहे, हॉचेवार. एक जरी फिरली ना!"

"नाही फिरणार."

मरिएटाने मालकाला फोन करून गवंड्यांना नको म्हणून सांगितलं. मी हातोडी आणि खिळ्यांचा डबा उचलून जिन्याने आठव्या मजल्यावर उतरलो. अजून एकशे पस्तीस मुठी बाकी होत्या.