लाटंबार्सेच्या भाणाची धार

मित्रांनो, माझ्या पोटावर एक टिचकी मारून पाहा. आवाज अजून खणखणीत आहे! मी गोव्यातल्या लाटंबार्से गावातले एक जुने तांब्याचे भाण आहे. डिचोलीच्या कासाराने मला ठोकून ठोकून घडवले आणि सगुणबाबांच्या काजूच्या भट्टीवर बसवले. काजूबोंडांचा आंबलेला रस माझ्यात उकळतो. वाफ नळीतून लवणी नावाच्या मडक्यात जाते आणि तिथे गार होऊन साठते. तो हुर्राक. तो पुन्हा माझ्यात उकळला की फेणी.

सोपे वाटले ना? अहो, माझ्या पोटात दोन बिऱ्हाडे असतात, मद्यार्क आणि पाणी! मद्यार्क चटकन उडणारा, पाणी जरा सुस्त. पण उकळी फुटली की दोघे एकदमच निघतात. फक्त सुरुवातीच्या वाफेत मद्यार्काचा वाटा मोठा असतो. तो कमी होत जातो तसे मी जास्त तापते आणि वाफेत पाणीच वाढते. म्हणून लवणीत पडणारी धार वेळेवर तोडावी लागते. त्यात सगुणबाबांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि निम्मे श्रेय माझे, हे सांगून टाकते.

यंदा बाबांचे गुडघे गेले. पेडण्याच्या एका हॉटेलवाल्याने मला मागितले, दारात ठेवून फुलझाडे लावायला! मला, फुलझाडे!

बाबांची सून जानकी म्हणाली, "बाबा, एकदा म्हाका करूक देवा."

"बरां. फेणी बरी उतरली तर भाण हंयच रवांदे. नाय तर देवन टाकूया, फाल्या हॉटेलवालो टेम्पो घेवन येतलोच."

धार लागली. पहिला पेला गावाची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, ठेवायचा रिवाज. जानकी तो घेऊन झाडाखाली गेली, आणि धास्तीने तिचे गाऱ्हाणे लांबले. भाण, भट्टी, बाबांचे गुडघे, सगळेच त्यात आले. इकडे आग धडधडत होती, लवणीत पाणी पडत होते आणि मला ओरडता येत नव्हते!

बाबांनी उतरलेली फेणी बाटलीत भरून हलवली. चांगल्या फेणीवर फेसाचे मणी टिकतात. इथे एकही टिकला नाही.

"मणी खंय गो?"

"गाऱ्हाणां घालताना वेळ झालो." जानकीचे डोळे भरले. मग तिने पदर खोचला. "पण फेणी खंय पळान गेली नाय, बाबा. परत भाणात घालतंय."

या खेपेला आग मंद ठेवली, आणि ती जागची हलली नाही. मीही जीव ओतला. आतल्यापेक्षा कडक वाफ वर पाठवायची, हेच तर माझे काम! तिने ऐन वेळी धार तोडली. बाटलीत मणी दाटले आणि टिकले.

"अजून एकदा उकळूया?" जानकीने हुरूपाने विचारले.

"नको गो. कितीव उकळ, थोडां पाणी फेणीवांगडा रवतलांच." बाबा किती दिवसांनी हसले!

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. जानकीने त्यात एक मातीची कुंडी ठेवून दिली.

मित्रांनो, जुनी भांडी नुसती शोभेला मांडू नका. त्यांना घासा, पुसा आणि कामाला लावा. आता जानकी मला भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सालींनी घासते आहे. जरा बाजूला व्हा, मला चकाकायचे आहे.