वर जाणारं दार

परीक्षेत दार पास झालं आणि ढुंढिराज गायधनी नापास झाले. पण हे अजून घडलेलंच नाही असं धरून चालू. ढुंढिराजही तसंच धरून चालले होते. नाहीतर ब्याऐंशी सालच्या मे महिन्यात, अकराच्या उन्हात, निवृत्त माणूस स्वतःच्या अंगणात चुन्याच्या फक्कीने रेघा कशाला मारील?

"रुंदी नऊ फूट," ते म्हणाले. "लांबी अठरा."

"एवढी लांब गाडी कोंची घेताय, भाऊसाहेब?" कारभारी मिस्तरीने विचारलं.

"होडी."

कारभारीने ओठाला लावलेली विडी परत कानावर ठेवली. तो दिंडोरीकडचा, विहिरी बांधता बांधता शहरात आलेला. त्याने चहूकडे नजर टाकली. गंगापूर रोडवरून बरंच वर चढत आलेली ही वसाहत. नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. नदी गच्चीवर चढूनसुद्धा दिसत नव्हती.

"मंग पाणी कधी यायचंय?" टँकरची चौकशी करावी तसं त्याने विचारलं.

"ते सांगून येत नाही," ढुंढिराज म्हणाले आणि पुढची रेघ मारू लागले.

चहा घेऊन आलेल्या इंदिराबाईंनी कप मिस्तरीच्या हातात दिला. "लोक मोटारीसाठी गॅरेज बांधतात. आमच्याकडे सायकल अजून भिंतीला टेकून उभी असते. तुम्ही बांधा. मी विचारायचं सोडलंय."

काम सुरू झालं तशा सूचना येऊ लागल्या. जमीन सपाट नको, दाराकडे उतरती हवी. एकट्या माणसाने ढकललं तरी होडी आपसूक घसरली पाहिजे. वल्ही उंच खुंटीला नकोत, छातीच्या उंचीवर हवीत. सुतळीची गाठ अशी, की एका हिसक्यात सुटावी. आतल्या भिंतीवर लाल रंगाने फुटांच्या खुणा, एकपासून अकरापर्यंत. छपराला माणूस बाहेर पडेल एवढी झडप.

"झडप कशापायी?" कारभारी विचारायचा.

"मागच्या वेळी नव्हती."

"आन् ह्या खुणा?"

"मागच्या वेळी नव्हत्या."

आठवडाभरात कारभारीने विचारणं बंद केलं. मात्र दुपारी भाकरी खायला तो त्या चार भिंतींच्या सावलीत बसेना. बाहेर उन्हात बसायचा. अकराच्या खुणेकडे पाठ करून घास उतरत नाही, असं त्याने बिगाऱ्याला सांगितलं. तोंड करून बसलं तर मुळीच उतरत नाही, हेही सांगितलं.

खरी कसोटी दाराची होती. ढुंढिराजांना बाहेर उघडणारं दार नको होतं आणि आत उघडणारंही नको होतं. धरणाच्या दारासारखं, दोन बाजूंच्या खाचांतून सरळ वर जाणारं दार त्यांना हवं होतं. कप्पीवरून दोर, दोराच्या टोकाला वाळूची पोती, म्हणजे एका हाताने ओढलं तरी दार उचललं जाईल.

"कडी कुठं बसवू?"

"कडी नको. कोयंडा नको. कुलूप तर नकोच."

"चोर येईल की."

"येऊ दे. मागेल त्याला मिळाली पाहिजे."

"भाऊसाहेब, चोर कधी मागतो व्हय?" कारभारी म्हणाला. "आन् ही होडी पळवायला त्याला बैलगाडी आणावी लागंल. बैलाला तरी काय सांगंल तो?"

ढुंढिराज हसले नाहीत. त्यांचा उजवा हात सदऱ्यात गेला आणि जानवं चाचपून परत आला. तिथे आता काही नव्हतं. तेरा वर्षांपूर्वी तिथे किल्ली होती.

तेरा वर्षांपूर्वी, गोदावरीच्या पात्रातल्या उंच दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पुराचं पाणी गेलं त्या दिवशी, ढुंढिराज नदीकाठच्या एका सरकारी भांडाराचे भांडारपाल होते. भांडारात एक होडी, होडीला एक कुलूपबंद खोली आणि खोलीची एकच किल्ली. ती हरवू नये म्हणून ढुंढिराज ती जानव्याला बांधत. दुपारी चार वाजता नावाडी सहादू धावत आला.

"भाऊसाहेब, किल्ली द्या. खालच्या आळीत माणसं पत्र्यावर चढलीत."

"मागणीपत्रक?"

"सही कोण करंल? साहेब इगतपुरीला अडकलेत."

"मग सहीशिवाय कशी देऊ, सहादू? तूच सांग."

सहादूने तीनदा मागितली. तिसऱ्या वेळी ढुंढिराजांनी किल्ली काढून दिली. तोवर पाणी दोघांच्या कमरेला लागलं होतं. कुलूप उघडलं; दार उघडलं नाही. ते बाहेर उघडणारं होतं आणि बाहेर सगळी गोदावरी टेकून उभी होती. दोघांनी ओढलं, पाय रोवून ओढलं. मग सहादूने किल्ली ढुंढिराजांच्या हातात परत ठेवली, धोतराचा काचा मारला आणि होडीशिवायच गेला. तो परत आला नाही.

चौकशी झाली. शेरा पडला: साठा पूर्ण, कुलूप शाबूत, नियमभंग नाही. ढुंढिराजांना प्रशस्तिपत्र मिळालं. पुढे ती होडी निकालात निघाली, तेव्हा लिलावात बोली लावणारे ते एकटेच होते. कागदोपत्री ती 'सुस्थितीत' होती, आणि ते खरंच होतं. ती आयुष्यात एकदाही पाण्यात उतरली नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गॅरेज तयार झालं आणि होडी आत जाऊन बसली. दारापुढे कमरेएवढा विटांचा बांध घालून ढुंढिराजांनी त्यात दोन टँकर ओतून घेतले. वसाहतीतल्या बायका हंडे घेऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या.

"इंदिराबाई, आमच्या हंड्यात ओता की हो," फुलाबाई म्हणाल्या. "तिथं काय पेरलंय?"

"परीक्षा झाली की घ्या," इंदिराबाई म्हणाल्या.

ढुंढिराज पाण्यात उतरून दाराशी उभे राहिले. दोर हाताशी होता. "कारभारी, तू समोरून ये. होडी माग. तू मागितलीस की मी दार उचलणार. मागितल्याबरोबर."

"मागू म्हंजे काय म्हणू?"

"सुचेल ते म्हण."

कारभारी हसत हसत पाण्यात उतरला. दोन पावलांनंतर मात्र त्याचं हसू गेलं. पाणी तसंच असतं. कमरेला लागलं की थट्टा सुचत नाही.

"भाऊसाहेब, होडी द्या," तो म्हणाला. "माणसं पत्र्यावर चढलीत."

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पुरात माणसं पत्र्यावरच चढतात.

ढुंढिराजांचा हात उठला. दोराकडे गेला नाही. सदऱ्यात गेला आणि जानवं मुठीत धरून थांबला.

"मागणीपत्रक आणलंय का?" त्यांनी विचारलं.

कुंपणापाशी कुणीतरी खुसखुसलं. कारभारीला हसावंसं वाटलं, पण त्याने ढुंढिराजांचा चेहरा पाहिला.

"नाय आणलं, भाऊसाहेब."

"मग नाही देता येणार."

सगळे उभे राहिले. पाणीही उभं राहिलं. कारभारीने आणखी दोनदा मागितली. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, आवाजही तोच, शांत आणि समजुतीचा. शेवटी त्याने हात लांब करून स्वतःच दोर ओढला. दार लोण्यातून सुरी निघावी तसं वर गेलं. पाणी आत घुसलं, होडी हलली, उतारावरून आपसूक घसरली आणि ढुंढिराजांच्या छातीशी येऊन हलकेच थांबली. ती तरंगत होती.

"दार झकास झालंय," कारभारी खाली बघत म्हणाला.

बायकांनी हंडे भरले. ढुंढिराज ओल्या धोतरानेच घरात गेले, टेबलाशी बसले आणि दौतीचं झाकण उघडलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

"मा. कार्यकारी अभियंता यांचे सेवेशी. विषय: होडी देणेबाबत. महोदय, नावाडी सहादू यांनी पुराच्या दिवशी दुपारी चार वाजता केलेली तोंडी मागणी त्याच वेळी लेखी प्राप्त झाली असे समजण्यात यावे, सदर मागणीस त्या तारखेपासून मंजुरी देण्यात यावी, आणि ते होडी घेऊन परत येईपर्यंत भांडाराचे दार उघडे ठेवण्याची परवानगी अर्जदारास मिळावी, ही नम्र विनंती."