सुकन्याचे हातमोजे

मित्रांनो, हिंगोलीजवळच्या गोरेगावात मसाजींच्या घरी खुंटीला टांगलेला मी हातमोज्यांचा एक जुना जोड आहे. डावा-उजवा मिळून एकच मी. फुटबॉलमध्ये गोल अडवणाऱ्या खेळाडूचे हात माझ्यात असतात. माझ्या तळव्यांवर रबराचा थर आहे, त्याला चेंडू चिकटून राहतो. निदान पूर्वी तरी राहायचा.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो शिवले गेले. हिंगोलीच्या दुकानातून शाळेच्या शिवप्रसाद सरांनी मला घेतलं ते सुकन्यासाठी. उधळलेलं कोकरू झेप घेऊन धरणारी ही मेंढपाळाची पोर, चेंडू धरणं तिला काय अवघड?

गेल्या वर्षी शाळेचा संघ मुलींच्या राष्ट्रीय चषकात उतरला. बाद पद्धतीची स्पर्धा, एकदा हरलं की घरी. सुकन्याची तर हरल्यावर शाळाही सुटणार होती. मेंढरं घेऊन लांब चारायला निघताना तिच्या वडिलांनी, मसाजींनी, बजावलं होतं, "जवर तू जिंकून राहिली, तवर मी एकटा सांभाळतो. हरली की कळपासंगं यायचं. मला आता एकट्याला होत न्हाई."

मग ती हरायलाच तयार नव्हती. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, आम्ही जिंकतच गेलो. सर सगळ्यांसमोर माझं कौतुक करायचे आणि मी फुशारून जायचो. चार महिने तिची शाळा टिकली ती या तळव्यांवर.

राष्ट्रीय फेरीला निघायच्या आदल्या दिवशी तिच्या आईने, नर्मदाबाईने, मला मांडीवर घेतलं. वहाणा वाळल्या की ती करडीचं तेल चोळून त्या मऊ करते. माझे तळवे तिला तसेच कोरडे वाटले. "लेकराच्या हाताला तकलीफ नको," असं पुटपुटत तिने माझ्या बोटाबोटात तेल जिरवलं आणि मला फडक्यात बांधून पिशवीत ठेवलं. इतक्या मायेने मला कधी कुणी हाताळलं नव्हतं.

सुकन्याने थेट मैदानावर फडकं सोडलं, तेव्हा माझे तळवे तेलाने बुळबुळीत झाले होते. दुसरा जोड नव्हता. तिने मला माती चोळली, टॉवेलने पुसलं. बराच वेळ निभावलं. शेवटच्या मिनिटाला एक सरळ, साधा चेंडू आला. तिने तो धरला होता, मित्रांनो. तो माझ्यातून निसटला आणि रेषेपलीकडे गेला. एक-शून्य.

घरी आल्यावर नर्मदाबाईने विचारलं, "हातमोजे मऊ झालते का गं?"

"व्हय आई, बराबर झालते," सुकन्या म्हणाली. "माझंच ध्यान नव्हतं."

दुसऱ्या सकाळी ती मेंढरांकडे गेली. मी इथेच राहिलो.

लेक पुन्हा खेळेल या आशेने नर्मदाबाई दर महिन्याला मला खुंटीवरून काढते आणि तेल लावते. मित्रांनो, कुणाच्या वस्तूची काळजी घ्यायची असेल तर आधी त्या माणसाला एकदा विचारत जा. मला वाचा असती तर त्या दिवशी मी ओरडून सांगितलं असतं. आता वाचा फुटली, तरी नर्मदाबाईला मी काहीच सांगणार नाही.